डावा पाय पॅडलवरून काढ

डिसेंबरचा पहिला रविवार. बडोद्याजवळच्या पावागडच्या चढावर, गाडीतळाची माची दोन वळणांवर आलेली असताना, आमच्या गाडीनं हात टेकले. दुसऱ्या गिअरमध्ये मी ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा झपकन चार हजारांच्या पुढे जात होता, आवाज नको इतका चढलेला, आणि गाडी मात्र पायी चढणाऱ्या माणसाच्या चालीनं सरकत होती. कडेकडेनं चालणारं एक कुटुंब आम्हाला मागं टाकून पुढे गेलं. मग वास आला. रबर जळल्याचा नव्हे, तेल जळल्याचाही नव्हे. पुठ्ठा जळावा आणि त्यात कडवट औषधाचा दर्प मिसळावा, तसा.

बाबा शेजारी बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. माणेजाच्या बेअरिंगच्या कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली, आणि यंत्राचा आवाज ऐकताना ते अजूनही डोळे मिटतात. डोळे न उघडताच म्हणाले, "डावा पाय पॅडलवरून काढ."

"ठेवलेला नाहीये बाबा, नुसता टेकलाय."

"टेकलाय म्हणजे ठेवलाय. काढ."

मी पाय काढला. काट्यात थोडा फरक पडला, पण गाडीला ओढ येईना. मागे एसटीची बस हॉर्न देत होती. कशीबशी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारही दिवे लुकलुकत ठेवले. बाबा खाली उतरले, रस्त्याकडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि मागच्या चाकाच्या खालच्या अंगाला लावला. मग आम्ही कठड्यावर बसलो आणि गाडी निवायची वाट पाहिली.

तिथं त्यांनी मला क्लच म्हणजे काय ते समजावलं. गाडी चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली, आणि हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. त्यांनी दोन तळहात समोरासमोर धरले, मध्ये आपला रुमाल घातला. "हा उजवा हात म्हणजे फ्लायव्हील. इंजिनाबरोबर सतत फिरतं. हा डावा म्हणजे प्रेशर प्लेट. तिच्यात जोरदार स्प्रिंग असते. रुमाल म्हणजे क्लचप्लेट, तिचा दांडा गिअरबॉक्समध्ये जातो. आता ओढ." मी रुमाल ओढला, निघाला नाही. "तू पॅडल दाबलंस की डावा हात सैल होतो." त्यांनी हात ढिला केला, रुमाल सुटून आला. "आणि तू पाय टेकवून ठेवलास की असं होतं." हात अर्धवट दाबलेला. मी ओढला तर रुमाल घासत घासत निघाला. "रुमालाचं काय झालं बघ." रुमालाला सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांनी तो पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

त्या प्लेटच्या दोन्ही अंगांना जे अस्तर असतं, ते काचेचे वगैरे तंतू रेझिननं बांधून केलेलं असतं. घासून तापलं की रेझिन जळतं आणि त्याचाच तो वास. एकदा असं भाजलं गेलं की अस्तराचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो, मग ते आणखी घसरतं, आणखी तापतं. म्हणून वास आल्यावर चढ रेटून पार करायचा प्रयत्न करू नये. मी तेच केलं होतं, शेवटची तीन वळणं.

पाऊण तासानं आम्ही दर्शन न घेताच गाडी वळवली. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हालोलला सपाटीला लागल्यावर चौथ्यात, पाय अगदी हलका ठेवून, पन्नासच्या आत. हलकं ओझं असलं की मरायला टेकलेला क्लचही धरतो. बडोद्यात शिरेपर्यंत बाबा फारसं बोलले नाहीत. कारेलीबागेपाशी एवढंच म्हणाले, "तो दगड आपण रस्त्यातच ठेवून आलो गं."

आता थोडं मागचं सांगायला हवं, कारण क्लच एका चढावर जात नाही.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोलवरची, १२०० सीसीची. त्या रविवारी ७१,४०० किलोमीटर झाले होते. घर दांडिया बाजारात, नोकरी रेसकोर्सकडे, म्हणजे रोज दोनदा अलकापुरीचं गरनाळं. बडोद्याच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: रेल्वेच्या रुळांखालून जाणारा तो बोगदा, आत उतार, बाहेर पडताना चढ, आणि कचेरीच्या वेळेला त्या चढावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकते. ब्रेक सोडून गाडी मागं जाऊ नये म्हणून मी ती हाफ क्लचवर धरून उभी करायची. वर्षानुवर्षं. मला ते कौशल्य वाटायचं. मागं एक इंचही न जाता गाडी हवेत तरंगल्यासारखी उभी राहते, पॅडल बोटभर वर-खाली करून. त्या प्रत्येक वेळी प्लेट घासली जात होती.

आणि दुसरी गोष्ट ऑगस्टमधली. रिव्हर्स टाकताना कर्र असा आवाज यायला लागला, म्हणून मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत क्लचची केबल आवळली आणि "झालं" म्हणून सांगितलं. आवाज गेला, मी खूश. पण केबल इतकी आवळली होती की पॅडलला खेळच उरला नाही. खेळ म्हणजे पॅडल बोटानं दाबल्यावर सुरुवातीला जे अंतर ते रिकामं, काहीही न ढकलता, खाली जातं ते. केबलवरच्या क्लचला ते दीडेक सेंटिमीटर तरी लागतं. ते नसलं की रिलीज बेअरिंग, म्हणजे पॅडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढकलणारं बेअरिंग, त्या स्प्रिंगला सतत टेकून राहतं. म्हणजे मी पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच. प्लेट झिजत जाते तशा त्या स्प्रिंगच्या पट्ट्या, म्हणजे तिची बोटं, आणखी मागं येतात, म्हणून हा खेळ आपोआप कमी होत असतो आणि अधूनमधून केबल सैल करावी लागते. त्यांनी उलटं केलं. हे मला बाबांनी घरी आल्यावर अंगणात दाखवलं. त्यांनी वाकून हातानं पॅडल दाबलं आणि मान हलवली. "खेळच नाही. चार महिने तू दाबलेल्या क्लचवर गाडी चालवलीस."

मला त्या वर्कशॉपचा राग आला आणि अजून आहे. पाच मिनिटांचं काम होतं, पण पॅडलखाली हात घालून बघायला पाच सेकंदही त्यांनी दिले नाहीत.

सोमवारी सकाळी बाबांनी केबल सैल केली. गाडी जरा बरी वाटली, म्हणून मला आशा वाटली की एवढ्यावर भागेल. त्यांनी मग मला परीक्षा करायला लावली. मोकळ्या जागेत, हँडब्रेक पक्का ओढून, समोर कोणी नाही हे पाहून, इंजिन चालू ठेवून चौथा गिअर टाकायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन लगेच बंद पडतं. माझं इंजिन पॅडल पूर्ण वर आल्यावरही दोन-तीन सेकंद घुमत राहिलं आणि मग नाइलाजानं मेलं. ही परीक्षा एकदाच करावी. तीही प्लेट खातेच.

क्लच घसरतोय हे चढावर आधी कळतं आणि वरच्या गिअरमध्ये आधी कळतं, त्याचं कारण साधं आहे: तिथं इंजिनाला पूर्ण ताकद लावावी लागते, आणि ती ताकद त्या एका प्लेटमधूनच चाकांपर्यंत जाते. आता आठवतं, दिवाळीनंतर गेंडा सर्कलच्या बाजूनं अटल ब्रिजवर चढताना आवाज आधी वाढायचा आणि वेग मागाहून यायचा. मला वाटलं, पेट्रोल चांगलं नसेल.

तीन ठिकाणी विचारलं. एका मोठ्या ठिकाणी आकडा पंधरा हजारांच्या वर गेला आणि गाडी दोन दिवस ठेवून जा, आत यायची परवानगी नाही, असं सांगितलं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, अख्खा संच कशाला, नुसती प्लेट टाका, तीही नवं अस्तर रिव्हेट केलेली जुनी, अर्ध्याहून कमी पैशांत. खरं सांगायचं तर मी तिथं जवळजवळ हो म्हटलं होतं. डिसेंबरमध्ये मुलीच्या क्लासची फी भरायची होती. बाबांनी संध्याकाळी एकच प्रश्न विचारला, "मजुरी किती सांगितली?" तीन हजार. "प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बेअरिंग सहा महिन्यांनी गेलं तर पुन्हा उतरवावा लागेल. तेव्हा मजुरी कोण देणार?" मी वहीत हिशेब मांडला आणि गप्प बसले. क्लचच्या कामात सगळा खर्च आत पोहोचण्याचा असतो. एकदा पोहोचलात की जे जे झिजणारं आहे ते सगळं बदलून बाहेर या.

तिसरं गॅरेज मकरपुऱ्याच्या जीआयडीसीकडे, म्हणजे औद्योगिक वसाहतीकडे, जाणाऱ्या रस्त्यावरचं. मालक मराठीच, आजोबा जळगावकडून इथल्या गिरणीत आलेले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी गाडीतून एक फेरी मारली, मग बाबांकडे बघून म्हणाले, "काका, प्लेट तर गेलीच. पण पॅडल दाबल्यावर आवाज येतोय तो ऐकला ना?"

"ऐकला. दाबल्यावर येतो, सोडल्यावर जातो. रिलीज बेअरिंग."

"आणि उलटं असतं तर गिअरबॉक्सचं बेअरिंग," ते म्हणाले, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. तिथंच ठरलं की काम इथं करायचं. बसून बघायला हरकत नाही, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. मी गुरुवारी रजा टाकली.

सकाळी साडेनऊला सुरुवात झाली. बॅटरीची ऋण तार काढली, बॅटरी बाहेर, एअर फिल्टरचा डबा बाहेर, गिअरच्या दोन केबली, क्लचची केबल, रिव्हर्स दिव्याची आणि स्पीड सेन्सरची वायर, स्टार्टर. मग गाडी उचलून पुढची चाकं काढली, एक्सलचे मोठे नट सैल केले, लोअर आर्म सोडवला, गिअर ऑइल खाली डब्यात काढलं. ते काळंकुट्ट होतं. दोन्ही एक्सल ओढून काढले. इंजिनाला वरून आडव्या बीमवर साखळीनं टांगलं, कारण गिअरबॉक्स आणि त्याचं माउंटिंग निघालं की इंजिन एका बाजूला कलंडतं. हे मी पाहिलं नसतं तर मजुरीचे पैसे मला जास्त वाटले असते. बाराच्या सुमारास जॅकवर पेललेला गिअरबॉक्स हळूहळू मागं सरकला आणि खाली आला, आणि त्याच्या घंटेसारख्या तोंडातून काळी भुकटी भुरभुरली. ती माझ्या प्लेटची होती. अकरा वर्षांची.

ही भुकटी हवेनं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, हे बाबांनी तिथल्या पोराला दोनदा सांगितलं. पूर्वी या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्यांच्या वयाच्या माणसांनी त्याचे परिणाम ऐकलेले आहेत. आता बहुतेक अस्तरांत नसलं तरी ती छातीत जाऊ द्यायची नाही.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट निघाले आणि प्लेट हातात आली. मी ती उन्हात धरून पाहिली. फ्लायव्हीलकडच्या अंगाला रिव्हेटची डोकी अस्तराच्या बरोबरीला आली होती, दोन ठिकाणी चकाकत होती. नव्या प्लेटमध्ये ती खोल खड्ड्यात असतात, बोटाला लागतही नाहीत. मधल्या ज्या छोट्या स्प्रिंगा गचका सोसतात, त्यातली एक खुळखुळत होती. प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे डाग, मोरपिसासारखे. बघायला सुंदर, पण धातू अतोनात तापल्याची ती खूण. तिच्या मधल्या स्प्रिंगच्या बोटांच्या टोकांना बेअरिंगनं चर पाडला होता, नख अडकेल एवढा. चार महिन्यांचा तो आवळलेल्या केबलचा हिशेब तिथं लिहिलेला दिसत होता.

बाबांनी रिलीज बेअरिंग मागून घेतलं. उभ्यानंच कानाशी धरून दोन बोटांनी फिरवलं, डोळे मिटून. गॅरेजात कुठंतरी ग्राइंडर चालू होता, मालकांनी हात वर करून तो बंद करायला लावला. बाबांनी पुन्हा फिरवलं. "ग्रीस सुकलंय. आणि एका जागी खड्डा आहे, दर फेरीला तिथं अडखळतं." त्यांनी ते माझ्या कानाशी धरलं. मला खरखर ऐकू आली. अडखळणं ऐकू यायला मला पाच-सहा फेऱ्या लागल्या, पण आलं. मला फार बरं वाटलं. लहानपणी ते कारखान्यातून आले की त्यांच्या शर्टाला जो वास यायचा, तो वास त्या बेअरिंगला होता.

फ्लायव्हीलवरही निळे डाग आणि केसासारख्या बारीक रेघा होत्या. मालक म्हणाले, नुसतं पॉलिश पेपरनं घासून बसवलं तर चालेल, पण सुटताना गाडी थरथरेल. ते खोलून जीआयडीसीतल्या एका लेथवर फेसिंगला पाठवलं. अगदी पातळ थर काढला, रेघा गेल्या, तोंड एकसारखं झालं. रेघा खोल असत्या तर नवंच घ्यावं लागलं असतं. बाबा त्या लेथवरही गेले होते. माझे आजोबा कलाभवन या तंत्रशाळेत शिकलेले, सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या. लेथवर उभ्या माणसामागे पाठीशी हात बांधून, न बोलता, उभं राहण्याची सवय आमच्या घरात तिथून आली असावी. फ्लायव्हील निघालं होतं म्हणून त्यामागचं क्रँकचं ऑइल सीलही दिसलं. कडेला ओलसर. तीन-साडेतीनशे रुपयांची ती रबराची कडी आत्ता बदलली नाही आणि उद्या तिच्यातून तेल आलं, तर नवी प्लेट तेलानं माखून वाया. बदललं.

दुपारी पोरानं शेव-उसळ आणली, सगळे बाकावर बसून खाल्ली. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजमधला एक उत्साही तरुण येऊन सांगू लागला, ताई, एवढं खोललंच आहे तर भारीतली प्लेट टाका, तांब्याच्या बटणांची, कधी घसरणार नाही. मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे समजावलं: त्या प्लेटा शर्यतीच्या किंवा ओझ्याच्या गाड्यांना. त्या एकदम धरतात, मधलं काही नाही. गरनाळ्यात रांगेत तुम्ही दर दोन फुटांवर गचका खाल, पॅडल जड होईल आणि फ्लायव्हील लवकर खाल्लं जाईल. तुमच्या इंजिनाला कंपनीनं जी दिली तीच ताकदीला पुरेशी आहे. ती गेली ती कमजोर होती म्हणून नाही. शेवटचं वाक्य ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले, आणि ते खरंच होतं.

नवा संच ओळखीच्या स्पेअरच्या दुकानातून आला. डब्यावरचं सील, छापील किंमत, भागाचा क्रमांक मी वहीत उतरवून घेतला. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात तसाच लागलेला आहे ना, तेही पाहिलं. मग मालकांनी जे केलं ते प्रत्येकानं करून घ्यावं. जुनी आणि नवी प्लेट एकावर एक ठेवून व्यास जुळवला, आणि नवी प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर नुसती सरकवून पाहिली. दात जुळले, प्लेट आपल्या वजनानं सरकली. बसवल्यावर चूक कळण्यापेक्षा हे एक मिनिट बरं.

पोरगा तेलकट हातानं नवी प्लेट उचलायला गेला तसे मालक ओरडले. त्या दिवसभरात ते तेवढेच ओरडले. अस्तराला तेलाचं बोट लागलं तरी तिथं क्लच थरथरतो. हात धुऊन, कागदात धरून प्लेट आली. प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा थर येतो, तो क्लीनरनं पुसून काढला. दांड्याच्या दातांवर ग्रीस, पण नखावर मावेल इतकंच. जास्त लावलं तर फिरताना ते उडून अस्तरावर जातं. नवं बेअरिंग पोरगा सवयीनं पेट्रोलच्या डब्यात बुडवायला निघाला, तेव्हा मात्र बाबांनीच त्याचं मनगट धरलं. "बेटा, आमां ग्रीस अंदर भरेलुं छे." बेअरिंग आतून ग्रीस भरून बंद केलेलं असतं, धुतलं की ते ग्रीस पातळ होऊन जातं आणि नवं बेअरिंग जन्मतःच म्हातारं होतं. पोरगा बिचारा ओशाळला. बाबांनी त्याला शेजारी बसवून जुनं बेअरिंग कानाशी धरायला दिलं.

प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते तिच्यावरच छापलेलं असतं. मधोमध बसावी म्हणून एक प्लॅस्टिकचा दांडा घालून ती धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, एकदम एकच नाही. नाहीतर ती वाकडी बसते. मग गिअरबॉक्स चढवताना दहा मिनिटं अडला. दोघं जण खालून हलवत होते, दांडा प्लेटच्या दातांत जाईना. पोरगा म्हणाला, बोल्ट लावून ओढून घेऊ. मालकांनी नाही म्हटलं. गिअरबॉक्सचं वजन दांड्यावर लोंबकळत ठेवून बोल्टनं ओढलं तर प्लेटचा मधला गाभा वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. त्यांनी जॅक दोन बोटं वर घेतला, मला इंजिनाची पुली पान्यानं हळूच फिरवायला सांगितली, आणि गिअरबॉक्स खट्‌ करून आत गेला. तो आवाज मी विसरणार नाही.

नवं गिअर ऑइल बाजूच्या भोकातून बाहेर सांडेपर्यंत भरलं. हे भरलं की नाही ते मी दोनदा विचारलं, कारण दिवसभराच्या धावपळीत हीच गोष्ट विसरली जाऊ शकते. केबलही नवी टाकली आणि खेळ बाबांनी स्वतः मोजला. साडेसहाला गाडी खाली उतरली.

वहीतला हिशेब असा: प्लेट आणि प्रेशर प्लेट ४,६५०, बेअरिंग ९८०, सील ३४०, गिअर ऑइल ७२०, फेसिंग ५००, केबल ४२०, मजुरी ३,२००. एकूण १०,८१० रुपये. जुने भाग मी मागून घेतले. मालकांनी ते आधीच पिशवीत भरून ठेवले होते.

परतताना रावपुऱ्यात माझी गाडी दोनदा बंद पडली. पॅडल लोण्यासारखं हलकं, आणि क्लच आता जमिनीपासून थोड्याच उंचीवर धरत होता. माझ्या पायाला तो पार वर धरण्याची सवय. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बाबा म्हणाले, "सावकाश. नवी ओळख आहे." पहिले पाचशे किलोमीटर चढावर ताणायची नाही, झटक्यात सोडायची नाही, मागं कुणाची गाडी बांधून ओढायची नाही. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना घासून सगळीकडे सारखं टेकायला एवढा वेळ लागतो.

सवय मोडणं मात्र पाचशे किलोमीटरमध्ये झालं नाही. गरनाळ्यातून चढताना आता मी हँडब्रेक ओढते, गिअर न्यूट्रल करते, पाय खाली जमिनीवर. पुढची गाडी सरकली की पहिला गिअर, क्लच धरल्याचा भार जाणवला की हँडब्रेक सोडायचा. पहिल्या आठवड्यात मागचे लोक वैतागले, माझ्याही कपाळाला घाम यायचा. सिग्नललाही न्यूट्रल. क्लच दाबून वाट बघणं म्हणजे बेअरिंगला उगाच राबवणं. माझ्या गाडीत डावा पाय ठेवायला वेगळी जागा नाही, म्हणून चटईवर मी खडूनं एक चौकोन काढला आणि पाय तिथंच ठेवायचा असं स्वतःला बजावलं. खडू पुसला गेला की पुन्हा काढायचा. तीन वेळा काढावा लागला.

जानेवारीच्या अखेरीस, साडेसातशे किलोमीटर झाल्यावर, बाबा सकाळी आंघोळ करून तयार होऊन बसले. "पावागडला जाऊन येऊ." दर्शन राहिलं होतं म्हणून, असं मला वाटलं.

हालोल मागं पडलं, चांपानेरचा कोट आला, चढ सुरू झाला. दुसरा गिअर, काटा अडीच हजारांवर, आणि जेवढा पाय दाबेन तेवढी गाडी पुढे. वास नाही, थरथर नाही. मी आनंदानं काहीतरी बोलणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. "थांब. इथंच."

तेच वळण. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. ते उतरून मागं चालत गेले, रस्त्याच्या दोन्ही कडा बघितल्या, वाकून गटारातही बघितलं. मी खाली उतरले तेव्हा त्यांना तो सापडला होता. कुणीतरी उचलून कठड्याच्या आत, झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला होता, आणि त्याच्यावर शेंदराचं बोट लावलेलं होतं. बाबांनी त्याला हात लावला नाही. थोडा वेळ उभे राहिले.

"पावणेदोन महिने डोक्यात होता," ते म्हणाले. "रात्रीची एखादी मोटरसायकल आली असती तर."

मग येऊन गाडीत बसले, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "चल. पहिला टाक."